चिंताविकारातून बाहेर यायचंय? सुरुवात इथून करा

चिंताविकार आहे असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं असेल, किंवा अजून कुणी सांगितलेलं नाही पण स्वतःलाच तशी शंका असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुढच्या पायऱ्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आज भीती किती वाटली, यावर आपण किती बरे झालो हे ठरवू नका. भीतीपायी सोडून दिलेली किती कामं पुन्हा सुरू झाली, ते मोजा. भीती मागाहून ओसरते. कधी काही महिन्यांनी, कधी आपल्या लक्षातही न येता. "आधी ही धडधड जाऊ दे, मग बाहेर पडेन" असं ठरवून वर्षानुवर्षं घरात बसलेली माणसं असतात. त्यात आळस नसतो, भित्रेपणाही नसतो. क्रम उलटा धरलेला असतो, एवढंच.

आणि हो, तुम्ही एकटे नाही आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ३० कोटी लोकांना चिंताविकार होता. मानसिक विकारांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा विकार हाच. त्यावर परिणामकारक उपचार आहेत, तरी ते जेमतेम चारातल्या एकापर्यंत पोहोचतात.

१. आधी शरीराची तपासणी, पण एकदाच

पहिली भेट नेहमीच्या डॉक्टरांची घ्या. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल, रक्त कमी असेल, साखर खाली जात असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेली असेल, तर लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. दम्याचे काही पंप, सर्दीच्या काही गोळ्या, अति कॉफी आणि दारू अचानक सोडणं यांनीही हात थरथरतात, छाती धडधडते. म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. डॉक्टरांना योग्य वाटलं तर रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या.

रिपोर्ट नॉर्मल आले की तिथे थांबा. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, पण पुढच्या सगळ्या पायऱ्या यावर अवलंबून आहेत. महिन्याभरात दुसरा ईसीजी, मग दुसरे डॉक्टर, मग इंटरनेटवर रात्री दोन वाजता लक्षणं शोधणं, यातून मिळणारा दिलासा एक-दोन दिवस टिकतो आणि शंका पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत येते.

अपवाद लक्षात ठेवा. श्रम केल्यावर छातीत दुखणं, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, शुद्ध हरपणं, अशी नवी लक्षणं दिसली तर "आपलं नेहमीचंच" म्हणून घरी बसू नका, तडक दवाखाना गाठा. जीव द्यावासा वाटत असेल तर तेही तातडीचंच दुखणं आहे. त्या क्षणी हा लेख बाजूला ठेवा, जवळच्या माणसाला बोलवा आणि तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा.

२. नेमकं काय झालंय?

'चिंताविकार' ही एक मोठी पिशवी आहे. सगळ्याच गोष्टींची काळजी, बहुतेक दिवस, किमान सहा महिने, सोबत थकवा, चिडचिड, आखडलेले खांदे आणि उडालेली झोप असेल, तर डॉक्टर त्याला सार्वत्रिक चिंताविकार म्हणतात. अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे झटके, म्हणजे पॅनिक अटॅक, आणि पुढचा कधी येईल याची धास्ती हा पॅनिक विकार. लोक आपल्याला जोखतील, हसतील या भीतीने बोलणंच बंद पडणं ही सामाजिक चिंता. जिथून पटकन निसटता येणार नाही अशी गर्दी, प्रवास, रांगा टाळणं हा आणखी एक प्रकार. आणि उंची, कुत्रा, इंजेक्शन अशी एखाद्याच गोष्टीची प्रचंड भीती म्हणजे फोबिया. एकाच माणसात दोन प्रकार सर्रास असतात, जोडीला नैराश्यही असू शकतं. मंत्रचळ आणि आघातानंतरचा तणावविकार यांचं नातं चिंतेशी असलं तरी त्यांचे उपचार थोडे वेगळे असतात, म्हणून निदान स्वतःचं स्वतः करू नका.

आपण कुठे आहोत याचा अंदाज घ्यायला जीएडी-७ नावाची छोटी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र असं धरतात. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञांकडे जायला हवं. ही प्रश्नावली महिन्यातून एकदा भरा. रोज भरणारे लोक असतात, त्यांना त्या आकड्याचीच काळजी लागते.

३. हे चक्र फिरतं कसं

ही पायरी वाचून सोडून देण्याजोगी वाटेल, पण पुढचा सराव का करायचा हे इथेच कळतं.

धोका दिसला की मेंदू शरीराला पळायला किंवा लढायला तयार करतो. अॅड्रेनालिन रक्तात येतं, ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, पोटाकडचं रक्त हातापायांकडे वळतं. म्हणून पोटात गोळा येतो. श्वास जोरजोरात चालू होतो. प्रत्यक्षात आपण पळत नसतो, खुर्चीत बसलेलो असतो, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला जातो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांना आणि ओठांना मुंग्या येणं, डोकं हलकं होणं, आजूबाजूचं सगळं खोटं-खोटं वाटणं, हे बऱ्याच अंशी त्यामुळे घडतं. गंमत अशी की त्या क्षणी "हवा पुरत नाही" असंच वाटत असतं.

इथवर बिघडलेलं काहीच नसतं. बिघडतं ते पुढे. धडधड जाणवली की मनात येतं, "हार्ट अटॅक तर नाही?" या विचाराने आणखी अॅड्रेनालिन, आणखी धडधड. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते हेच. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो, कारण शरीराला ती पातळी फार वेळ टिकवताच येत नाही. पण आपण तोवर थांबलेलोच नसतो. आपण उठून निघून आलेलो असतो.

आणि निघून आल्यावर काय वाटतं? हायसं वाटतं. नेमका इथेच मेंदू चुकीचा धडा घेतो: पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घंटा वाजवतो. टाळाटाळ हे सावकाराकडून घेतलेलं कर्ज आहे; आजची नड भागते, व्याज उद्यापासून सुरू.

टाळण्याच्या काही तऱ्हा उघड असतात, काही इतक्या लपलेल्या की त्या टाळाटाळ आहेत हे वर्षानुवर्षं कळत नाही. दाराजवळचीच जागा पकडणं, पाण्याची बाटली नसेल तर बाहेर न पडणं, खिशातली गोळी चाचपणं, गर्दीत शिरताना उगाच फोन कानाला लावणं, घड्याळात सतत नाडी पाहणं, "मी ठीक दिसतेय ना?" असं पुन्हापुन्हा विचारणं. यांना आधाराच्या काठ्या म्हणू. सराव करूनही भीती जात नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात यातली एखादी काठी असतेच.

"चक्कर येऊन पडेन" ही भीती फार जणांना असते, म्हणून तिच्याबद्दल दोन वाक्यं जास्त. शुद्ध हरपायला सहसा रक्तदाब खाली यावा लागतो. पॅनिकमध्ये तो वाढलेला असतो, त्यामुळे पॅनिकने बेशुद्ध पडणं विरळाच. याला खरा अपवाद आहे तो रक्त, जखम किंवा इंजेक्शनच्या भीतीचा. तिथे रक्तदाब आधी चढून मग एकदम कोसळतो आणि माणूस खरोखर पडतो. त्यांच्यासाठी निराळा उपाय आहे: हात, पाय आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडायचे, अर्ध्या मिनिटाने पुन्हा, असं पाच वेळा. हा उपाय साध्या पॅनिकमध्ये करू नका, तिथे त्याची गरज नसते.

४. आठवडाभर वही

आता लगेच धाडस करू नका. सात दिवस फक्त टिपणं काढा. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल. मला वही बरी वाटते, कारण फोन उघडला की लक्षणं शोधायचा मोह होतो. प्रत्येक प्रसंगाच्या चार-पाच ओळी पुरतात: कुठे होतो, शरीरात काय झालं, मनात नेमकं कोणतं वाक्य आलं, मी काय केलं, पुढे काय झालं. एक नमुना पाहा.

"सोमवार, मीटिंग. घसा कोरडा, कान गरम. मनात: 'आवाज कापेल आणि सगळ्यांना कळेल.' केलं: बोलायची पाळी येण्याआधी बाथरूमला गेले. झालं: सुटल्यासारखं वाटलं, मग दिवसभर स्वतःचाच राग."

मनातलं वाक्य जसंच्या तसं लिहा. "भीती वाटली" असं लिहून काही हाती लागत नाही. "आवाज कापेल आणि सगळ्यांना कळेल" हे भाकीत आहे, आणि भाकीत तपासून पाहता येतं. आठवड्याच्या शेवटी कोणतं वाक्य पुन्हापुन्हा येतंय आणि कोणत्या काठ्या हातात आहेत, त्याखाली रेघ मारा.

५. शिडी

सगळ्या उपायांमध्ये सगळ्यात जास्त फरक पडतो तो या पायरीने, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. भीतीच्या गोष्टीला ठरवून, थोडं थोडं, पुन्हापुन्हा सामोरं जायचं. याला एक्स्पोजर म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये भीतीची उतरंड लावून तिच्या तळापासून वर चढण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून तपशील बरेच बदलले, शिडी राहिली.

समजा, बसचा प्रवास बंद पडलाय. ० ते १०० मध्ये किती भीती वाटेल याचे अंदाजे आकडे लावून शिडी अशी होईल:

थांब्यावर दहा मिनिटं उभं राहणं, बसमध्ये न चढता (३०)
सोबतीने एक थांबा, गर्दी नसताना (४०)
एकटीने एक थांबा (५५)
एकटीने चार थांबे, दारापासून लांब बसून (६५)
तेच, पण पाण्याची बाटली आणि गोळी घरी ठेवून (७५)
गर्दीच्या वेळी, उभ्याने (८५)
गर्दीच्या वेळी, शेवटच्या थांब्यापर्यंत (९५)

पहिला दिवस कसा जातो? थांबा दिसायच्या आधीच पोटात गोळा येतो. वहीत निघताना लिहिलेलं असतं: "पाच मिनिटांत चक्कर येऊन पडेन, लोक गोळा होतील. खात्री ७० टक्के." पहिली बस येते, दार उघडतं, आतले दाटीवाटीने उभे असलेले लोक दिसतात आणि छातीत धस्स होतं. बस जाते. पाय थरथरू लागतात, हात आपसूक पिशवीतल्या फोनकडे वळतो. फोन पिशवीतच राहू द्यायचा. दुसरी बस येते. "चला, आता झालं की, निघू या" असं मन सांगत असतं, त्यालाही "हो, ऐकलं" म्हणायचं आणि उभं राहायचं. दहा मिनिटं झाल्यावर घरी येऊन लिहायचं: "पडले नाही. पाय थरथरले, घाम आला. शेजारच्या आजींनी बसचा नंबर विचारला, तो सांगितला." शेवटच्या वाक्यातली माहिती मोलाची आहे. इतकी भीती असतानाही तुम्ही बसचा नंबर वाचलात आणि बोललात.

त्या दिवशी भीती शून्यावर आली नाही तर सराव फसला असं समजू नका. पूर्वी असं शिकवत की भीती निम्मी होईपर्यंत तिथेच थांबायचं. आता भर याच्यावर असतो की तुमचं भाकीत खोटं ठरायला पुरेसा वेळ थांबा. "पडेन" म्हणालात आणि पडला नाहीत, की दिवसाचं काम झालं. फक्त भीती शिगेला असताना निघू नका. आणि निघालातच, तर तासाभरात किंवा दुसऱ्या दिवशी परत जा. आठवडा मध्ये जाऊ देऊ नका.

सराव आठवड्यातून चार-पाच दिवस तरी हवा. एक पायरी चढायला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडे. पायरी फारच उंच वाटली तर मध्ये एक घाला, शिडी तुमचीच आहे. नेहमी एकाच मार्गावर, एकाच वेळी सराव केला तर मेंदू "हीच बस सुरक्षित" एवढंच शिकतो, म्हणून मार्ग, वेळ, हवा, सोबत बदलत राहा. शेवटी काठ्या टाकाव्याच लागतात; बाटली हातात धरून केलेल्या शंभर फेऱ्यांचं श्रेय मेंदू बाटलीलाच देतो.

सामाजिक चिंता असेल तर शिडी माणसांची असते: अनोळखी माणसाला वाट विचारणं, दुकानात घेतलेली वस्तू बदलून मागणं, मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारणं, मुद्दाम एखादा शब्द अडखळून बोलणं. तिथे लक्ष स्वतःच्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून काढून समोरच्याच्या बोलण्याकडे न्यायचा सराव जोडीला लागतो. आणि घरी आल्यावर "मी काय मूर्खासारखं बोलले" ही रात्रीची उजळणी बंद करायची. तीही एक काठीच आहे.

६. शरीराच्या लक्षणांचीच भीती असेल तर

पॅनिक विकारात बस, लिफ्ट, गर्दी ही निमित्तं असतात, खरी भीती धडधडीची आणि चक्करेची असते. म्हणून तीच लक्षणं मुद्दाम आणायची. एक मिनिट जागच्या जागी पळा, ठोके वाढतात. फिरत्या खुर्चीवर एक मिनिट गरगर फिरा, चक्कर येते. नाक धरून बारीक स्ट्रॉमधून एक-दोन मिनिटं श्वास घ्या, गुदमरल्यासारखं होतं. मग काहीही न करता, पाणी न पिता, नाडी न पाहता, ते आपोआप ओसरू द्या. दिवसातून दोन-तीनदा असं केलं की हळूहळू धडधड म्हणजे नुसती धडधड उरते. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नका. इतरांनीही पहिल्यांदा थेरपिस्टसमोर केलेलं बरं.

अटॅक आलाच तर? त्याला थोपवायच्या मागे लागू नका. "हा पॅनिक आहे, वर जाईल आणि खाली येईल" एवढं म्हणा, खांदे सैल सोडा, हातातलं काम जमेल तितकं चालू ठेवा. श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय नको. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर तो धोक्याचा ठरतो. दीर्घश्वसनाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. रोज शांत वेळी दहा मिनिटं केलं तर उत्तम, पण अटॅक मारायचं हत्यार म्हणून वापरलं की तीही काठी होते. मग "श्वास नीट जमत नाहीये" याचीच धास्ती बसते.

७. डोक्यातली घरघर

सार्वत्रिक चिंतेत चढायला ठोस शिडी सापडत नाही, कारण भीतीचं ठिकाण रोज बदलतं: मुलं, नोकरी, तब्येत, उशीर, कालचं बोलणं. इथे काळजीला वेळ नेमून द्या. रोज ठरलेल्या वेळी, झोपण्याच्या बराच आधी, वीस ते तीस मिनिटं. दिवसभरात काळजी आली की एका ओळीत टिपा आणि तिला संध्याकाळची वेळ द्या. हे हास्यास्पद वाटतं, पण करून पाहा. संध्याकाळी यादी वाचताना निम्म्या ओळींचं काहीच वाटत नाही.

उरलेल्यांना एकच प्रश्न विचारा: यावर मी येत्या दोन दिवसांत काही करू शकते का? उत्तर 'हो' असेल तर काय, कधी, ते लिहा आणि काळजी तिथे संपवा. 'नाही' असेल तर तो अनिश्चिततेचा सराव समजा. ईमेल तिसऱ्यांदा न तपासता पाठवा. घरच्यांना पोहोचल्याचा फोन करायला सांगू नका. छोटे निर्णय दुसऱ्याला न विचारता घ्या. काळजी करणारी माणसं काळजीला जबाबदारी मानतात, तिच्याशिवाय आपण बेफिकीर होऊ असं त्यांना वाटतं, म्हणून ही पायरी चढताना चक्क अपराधी वाटतं. वाटू द्या.

८. थेरपिस्ट कसा निवडायचा

वरचं बरंचसं स्वतः करता येतं, पण सोबत असेल तर वेग येतो आणि पायऱ्या टाळल्या जात नाहीत. चिंताविकारासाठी सगळ्यात जास्त पुरावा आहे तो सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर एकत्र काम करणाऱ्या उपचाराला. साधारण १२ ते १५ साप्ताहिक सत्रं हा नेहमीचा बेत. पॅनिकला त्याहून कमीही पुरतात.

पहिल्या भेटीत मोकळेपणाने विचारा: माझ्यासारख्या त्रासाचे किती जण तुम्ही पाहिलेत? एक्स्पोजर करून घेता का? घरी करायला काय देता? सुधारणा कशी मोजता? या प्रश्नांनी चिडणारा थेरपिस्ट आपला नव्हे असं खुशाल समजा. दोन-तीन महिने नुसत्या गप्पा होताहेत, बाहेर पडताना हलकं वाटतं पण आयुष्यात काही बदलत नाही, असं असेल तर तेही बोलून दाखवा. थेरपिस्ट जवळ मिळत नसेल तर मार्गदर्शकासह चालणारे ऑनलाइन सीबीटी कार्यक्रमही उपयोगी पडतात.

९. गोळ्या

गोळ्या घेणं म्हणजे हार नाही, आणि न घेणं म्हणजे शौर्यही नाही. त्रास मध्यम ते तीव्र असेल, सोबत नैराश्य असेल किंवा भीतीमुळे शिडीची पहिली पायरीही चढता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

पहिली पसंती बहुतेकदा मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या एसएसआरआय गटाला असते, उदाहरणार्थ एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिन. यांच्याबद्दल आधी माहीत असलेलं बरं, कारण अनेक जण पहिल्याच आठवड्यात सोडून देतात. सुरुवातीचे काही दिवस मळमळ, झोपेत फरक आणि चक्क वाढलेली बेचैनी जाणवू शकते. म्हणून डॉक्टर कमी डोसने सुरुवात करतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. यांची नशा किंवा तलफ लागत नाही, पण अचानक बंद केल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. लैंगिक इच्छा कमी होणं हा सर्रास आढळणारा साइड इफेक्ट आहे. संकोच न करता सांगा, पर्याय असतात.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची गोष्ट निराळी. यांनी अर्ध्या-एक तासात बरं वाटतं आणि तीच अडचण आहे. काही आठवड्यांतच सवय लागू शकते, तोच डोस पुरेनासा होतो, आणि शिडीवर मेंदू जे शिकायचं ते शिकत नाही. संकटाच्या काळात, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठीक. दारूबरोबर कधीच नाही. महिनोन्‌महिने घेत असाल तर आजच्या आज फेकून देऊ नका. एकदम बंद केल्यास फिट्स येऊ शकतात. डॉक्टरांकडून कमी करायचं वेळापत्रक आखून घ्या. आणि शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणं तर नकोच.

१०. चहा, दारू, झोप, व्यायाम

थोडक्यात सांगते. कॅफीन रक्तात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतर बंद; पॅनिक असेल तर काही आठवडे फारच कमी करून पाहा, पण हळूहळू, नाहीतर डोकं धरतं. दारूने रात्री शांत वाटतं आणि दुसऱ्या दिवशी चिंता दुपटीने उसळते. उठायची वेळ ठरलेली ठेवा. घाम येईल असा व्यायाम आठवड्यातून तीन-चारदा करा. त्याने धडधडीची सवयही होते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

११. घरच्यांसाठी

"काही होत नाही, मन घट्ट कर" हे वाक्य कृपया बंद करा. ज्याला ते म्हणता त्याने ते स्वतःला हजारदा म्हटलेलं असतं. त्याउलट टोकही सांभाळा: त्याच्या वतीने सगळे फोन करणं, सगळीकडे सोबत जाणं, दिवसातून वीस वेळा "नाही रे, हार्ट अटॅक नाहीये" म्हणणं यात माया असते, पण त्यानेच चक्राला वंगण मिळतं. बसून एकत्र ठरवा की कोणती मदत कधीपासून कमी करायची. मग तो प्रश्न आला की एवढंच म्हणा, "तुला भीती वाटतेय हे दिसतंय. याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. मी इथेच आहे." आणि थांब्यावर दहा मिनिटं उभं राहून आलेल्या माणसाला "एवढंच?" असं विचारू नका.

१२. पुन्हा उलटलं तर

उलटतं. परीक्षा, आजारपण, बाळंतपण, नोकरीतला बदल, कुणाचं जाणं, नुसतं आठवडाभराचं जागरणसुद्धा पुरतं. दोन-चार वाईट दिवस म्हणजे उसळी. सोडलेल्या गोष्टी पुन्हा आठवडेच्या आठवडे सुटू लागल्या तर तो खरा पुनरागमनाचा इशारा. दोन्हीत करायचं काम एकच असतं, शिडीवर परत चढणं; फरक डॉक्टरांना फोन करायचा की नाही एवढाच.

म्हणून बरं चाललेलं असतानाच वहीत एक पान लिहून ठेवा. वर माझी पहिली लक्षणं (उदाहरणार्थ, नाडी पाहणं परत सुरू होणं, निमंत्रणं नाकारणं, रात्री लक्षणं शोधणं). त्याखाली मला उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी. त्याखाली शिडीची अशी पायरी, जी वाईटातल्या वाईट दिवशीही मी चढू शकेन. मग थेरपिस्ट आणि डॉक्टरांचे नंबर, चालू औषध आणि डोस. शेवटी एका विश्वासू माणसाचं नाव, आणि त्या माणसाला हे पान आधीच दाखवून ठेवा, कारण परत टाळाटाळ सुरू झालीय हे बहुतेकदा तुमच्याआधी त्याला दिसेल.